चढताना होरोंबोला किती रात्री?

महाराष्ट्रातून परदेशी ट्रेक नेणाऱ्या सर्व संस्थांच्या संचालकांस,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी २०२५मध्ये मी आपल्यापैकी एका संस्थेबरोबर टांझानियातील किलिमांजारोच्या ट्रेकला गेले होते. त्या संस्थेचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. तिच्याशी माझा पत्रव्यवहार स्वतंत्रपणे चालू आहे आणि तो पुढे कुठे न्यायचा हे मी यथावकाश ठरवीन. हे पत्र आपणा सर्वांना लिहिण्याचे कारण असे, की परत आल्यावर मी इतर काही संस्थांची किलिमांजारोची माहितीपत्रके मागवून घेतली, ती शेजारी शेजारी ठेवून वाचली, आणि ज्या एका गोष्टीमुळे आमच्या अठरा जणांची सहल फसली ती गोष्ट त्यांतल्या बहुतेकांत एक तर लिहिलेलीच नव्हती किंवा वाचणाऱ्याच्या ध्यानात येऊ नये अशा बेताने लिहिलेली होती. डोंगरावर एकूण किती रात्री काढायच्या आणि त्या किती उंचीवर, एवढीच ती गोष्ट.

माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण तक्रार करणाऱ्याला ‘त्यांना डोंगराची सवय नव्हती’ असे म्हणून मोकळे होण्याची पद्धत आपल्या क्षेत्रात रूढ आहे. मी नाशिकला राहते, वय ५६. बत्तीस वर्षे बँकेत नोकरी केली. त्यांतली शेवटची नऊ वर्षे अंतर्गत तपासणीत गेली. शाळेत असताना वडिलांबरोबर ब्रह्मगिरी चढले तेव्हापासून सह्याद्रीत फिरते आहे. हरिहर, अंजनेरी, साल्हेर किती वेळा झाले याची मोजदाद ठेवलेली नाही, आणि गेल्या वर्षी कळसूबाईला तीनदा गेले ती याच सहलीची तयारी म्हणून. मात्र सह्याद्रीत होणारी तयारी ही पायांची आणि दमाची असते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, आणि किलिमांजारोची मारंगू वाट जिथून सुरू होते ते राष्ट्रीय उद्यानाचे फाटकच १,८०० मीटरच्या वर आहे. शरीराला विरळ हवेची सवय लावण्याचे काम आपल्या एकाही गडावर होऊ शकत नाही; ते त्याच डोंगरावर, तिथे रात्री काढूनच होते. हे मला माहीत असायला हवे होते, आणि आपल्याला ते माहीत असते याच विश्वासावर लोक आपल्याकडे पैसे भरतात.

आमच्या माहितीपत्रकात चार गोष्टी ठळक अक्षरांत होत्या: सहा दिवसांची चढाई, १९ फेब्रुवारीला आफ्रिकेच्या माथ्यावर शिवजयंती, अनुभवी मराठी ट्रेक लीडर, आणि संपूर्ण महाराष्ट्रीय शाकाहारी जेवण. खर्च विमानभाड्यासह २,९०,००० रुपये आणि त्यावर पाच टक्के टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या रकमेवर आयोजकाने आगाऊ गोळा करायचा प्राप्तिकर. मारंगू ही किलिमांजारोवरची जुनी वाट, आणि तंबूऐवजी लाकडी हटमध्ये मुक्काम होतो अशी ही एकमेव वाट असल्यामुळे पन्नाशीच्या पुढच्या लोकांना ती सोयीची वाटते. मलाही वाटली. पहिली रात्र मंडारा हटला २,७२० मीटरवर, दुसरी होरोंबोला ३,७२० मीटरवर, मग किबो हट ४,७२० मीटरवर, आणि तिथून मध्यरात्री निघून ५,८९५ मीटरच्या उहुरू शिखराकडे. उहुरू म्हणजे स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य. देश स्वतंत्र झाल्यावर जर्मन सम्राटाचे नाव पुसून शिखराला हे नाव मिळाले.

आता हे सहा दिवस कसे मोजले होते ते पाहा. आम्ही १४ फेब्रुवारीला मुंबईहून निघालो आणि १५ तारखेला दुपारी मोशी गावातल्या हॉटेलात पोहोचलो. खोल्या मिळाल्या, संध्याकाळी अर्धा तास माहिती सांगण्यात आली, जेवून झोपलो. हा चढाईचा पहिला दिवस! १६ला मंडारा, १७ला होरोंबो, १८ला किबो, १९ला पहाटे शिखर आणि संध्याकाळपर्यंत खाली होरोंबो, २०ला फाटक. बोटे मोजून पाहिली तर डोंगरावरचे दिवस पाच भरतात. मारंगूवर सहा दिवसांचा म्हणून जो खरा कार्यक्रम असतो त्यात होरोंबोला चढताना दोन रात्री काढायच्या असतात. मधल्या दिवशी झेब्रा रॉक्स म्हणतात त्या पट्ट्यापट्ट्यांच्या कातळापर्यंत, साधारण ४,००० मीटरपर्यंत, चढून जायचे आणि रात्री पुन्हा खाली होरोंबोलाच निजायचे. हाच तो दिवस आमच्या कार्यक्रमातून गेला होता आणि त्याच्या जागी मोशीतला हॉटेलमुक्काम बसवला होता. बँकेत एखाद्या शाखेने ताळेबंदात असे केले असते तर त्या नोंदीला काय म्हणतात ते मला चांगले ठाऊक आहे.

या एका रात्रीने काय बिघडते, असा प्रश्न मला आमच्या ट्रेक लीडरने मोशीत विचारला होता. मी त्याच्यापुढे तो कार्यक्रम ठेवला तेव्हा तो हसून म्हणाला, “मॅडम, तुम्ही सह्याद्रीतल्या. तुम्हाला काय गरज त्या दिवसाची?” मला तेव्हा ते कौतुक वाटले, हे लिहितानाही लाज वाटते. पर्वतीय वैद्यकातला सर्वमान्य सल्ला असा आहे, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांत एकदा तरी त्याच उंचीवर आणखी एक रात्र थांबावे. आम्ही लागोपाठ दोन रात्री हजार-हजार मीटर वर जाऊन झोपलो आणि डोंगरावरच्या तिसऱ्याच रात्री, जिथे समुद्रसपाटीच्या निम्माच ऑक्सिजन असतो, त्या माथ्याकडे निघालो. सहा दिवसांच्या कार्यक्रमातही हा सल्ला पुरता पाळला जात नाही, हे मान्य. म्हणूनच जाणकार लोक माचामे किंवा लेमोशो या वाटांनी सात-आठ दिवस घेऊन जातात. पण अपुऱ्यातूनही एक दिवस काढून घेणे ही चूक अनवधानाने होत नसते.

ती का होते, याचा हिशेब मी करून पाहिला. किलिमांजारोवर उद्यानाची संरक्षण-फी परदेशी माणसाला दिवसाला ७० डॉलर आहे, मारंगूवरच्या हटचे भाडे रात्रीला ६० डॉलर, आणि दोन्हींवर १८ टक्के व्हॅट. म्हणजे एका वाढीव दिवसाचे माणशी १५३ डॉलर, आमच्या वेळच्या दराने साधारण १३,००० रुपये. अठरा जणांचे मिळून २,४०,००० रुपये होतात. स्थानिक माणसांची एका दिवसाची मजुरी आणि शिधा वेगळा. मी पाच टक्क्यांनी भरलेला टीसीएस १४,५०० रुपये होता, म्हणजे त्या दिवसापेक्षा जास्तच. तो मला विवरणपत्र भरल्यावर परत मिळेल. विमानाचे तिकीट ठरलेले, हॉटेलचे दर ठरलेले, अशा सहलीत आयोजकाला कात्री लावता येईल अशी मोठी जागा डोंगरावरचे दिवस हीच उरते, आणि ती कात्री ग्राहकाला दिसत नाही, कारण ग्राहक शिखराचे नाव वाचतो, रात्री मोजत नाही. ‘आम्हाला १३,००० रुपये जास्त मागितले असते तर आम्ही दिले नसते का?’ असे मी आमच्या गटात परतल्यावर विचारले. अठरापैकी सोळा जणांनी दिले असते. उरलेल्या दोघांनी, तसे असते तर आलोच नसतो, असे सांगितले, आणि तेही योग्यच होते.

जेवणाविषयी मात्र कसलीही कसूर नव्हती, आणि मला सर्वांत जास्त ओशाळवाणे त्याचेच वाटते. मारंगूच्या फाटकाशी हमालांचे ओझे तोलण्याचा काटा असतो. उद्यानाच्या नियमाप्रमाणे एका माणसावर कंपनीचे सामान २० किलोपेक्षा जास्त लादता येत नाही. आम्ही नोंदवहीत सह्या करून बाजूला उभे होतो आणि एकेक गाठोडे काट्याला लागत होते. मध्येच आमचे खोके आले. त्यांत पाणी घालून शिजवायचे पिठले, पोह्यांची पाकिटे, शंकरपाळे, भाकरवडी, लोणच्याच्या बरण्या आणि थेपल्यांची चळत होती. बरण्या काचेच्या होत्या. काट्याचा आकडा पुढे सरकला तसा तपासनिसाने हात वर केला, आणि मग आमचा ट्रेक लीडर व स्थानिक कंपनीचा माणूस यांची बराच वेळ बोलाचाली झाली. आणखी हमाल घ्यायचे म्हणजे आणखी मजुरी आली. शेवटी दोन खोके फोडून त्यांतला माल इतरांच्या पोत्यांत थोडा थोडा कोंबण्यात आला आणि सगळी ओझी २० किलोच्या काठावर आणून बसवली गेली. माझ्या शेजारी एक विशीतला मुलगा डोक्यावरचे पोते सावरत उभा होता, त्याच्या एका बुटाचा तळ सुतळीने बांधलेला होता. त्याने ते लोणचे ३,७२० मीटरपर्यंत वाहून नेले. होरोंबोला त्या संध्याकाळी आमच्यातल्या निम्म्या लोकांना अन्नाचा वास सहन होत नव्हता. उंचीवर भूक मरते ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, आणि स्थानिक स्वयंपाक्याने केलेले काकडीचे गरम सूप तेवढे सगळ्यांना गेले.

त्या देशातली कंपनी कोणती, हमालांना रोजची मजुरी किती, ती त्यांच्या हातात कोण देतो, याविषयी आम्हांला काहीही सांगण्यात आले नव्हते. मोशीत ट्रेक लीडरने प्रत्येकाकडून १५० डॉलर ‘टिप’ म्हणून एका पाकिटात गोळा केले. किलिमांजारोवर शेवटच्या दिवशी सगळ्या पथकाला एकत्र उभे करून कोणाला किती हे मोठ्याने सांगून टिप देण्याची रीत आहे. मोशीतच काम करणारी ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ ही संस्था प्रवाशांना नेमके हेच सांगते, कारण पाकीट एकाच्या हातात गेले की खालपर्यंत काय पोहोचते ते कळत नाही. आमचे पाकीट असेच एकाच्या हातात गेले. ते पुढे पोहोचले नाही असे मी म्हणत नाही. पोहोचताना आम्ही पाहिले नाही, एवढेच म्हणते.

आता १७ ते १९ तारखांकडे येते. होरोंबोला आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे युरोपातून आलेला एक दहा-बारा जणांचा गट होता. १८ तारखेच्या सकाळी आम्ही डोकी धरून, डोळे चोळत सॅका बांधत होतो तेव्हा ती मंडळी हटच्या कठड्यावर मोजे वाळत घालत होती. त्यांचा तो थांबण्याचा दिवस होता. त्यांच्यातल्या एका बाईंनी मला विचारले, “तुम्ही आजच वर निघालात?” मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटले. दुसऱ्या दिवशी दुपारी माथ्यावरून उतरताना किबो आणि मावेन्झी या किलिमांजारोच्या दोन माथ्यांमधल्या त्या उजाड पठारावर तीच मंडळी समोरून हळूहळू येत होती. त्यांनी वाट दिली. आमच्याकडे पाहून कोणी काही विचारले नाही.

किबोला पोहोचेपर्यंत आमच्यातल्या अकरा जणांचे डोके ठणकत होते, चौघांना उलट्या झाल्या होत्या आणि त्या चौघांत आमचा ट्रेक लीडर होता. तो २६ वर्षांचा, स्वभावाने गुणी, हिमाचलात ४,२०० मीटरपर्यंत गट नेलेला मुलगा. किलिमांजारोला तो आयुष्यात पहिल्यांदाच येत होता, हे आम्हांला तिथे कळले. त्याचा मला राग नाही. झेंडे, फलक, छायाचित्रे आणि १९ तारीख ही कामे त्याच्यावर सोपवलेली होती आणि ती त्याने आजारी असताना सुद्धा अंथरुणातून सांभाळली. किलिमांजारोवर परवानाधारक स्थानिक वाटाड्याशिवाय कोणालाही चढता येत नाही, हा नियम १९९१पासून आहे. म्हणजे आमचे खरे मार्गदर्शक आमच्याबरोबरच होते. पण संस्थेने आमची ओळख करून देताना त्यांना ‘लोकल सपोर्ट’ म्हटले होते आणि निर्णय मराठी लीडरचा, असे ठरवून दिले होते.

त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. आमच्या गटात ६१ वर्षांचे एक गृहस्थ होते. त्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू. मुख्य वाटाड्याने किबोला संध्याकाळी सर्वांच्या बोटांना ऑक्सिमीटर लावला तेव्हा काकांचा आकडा ६६ आला. वाटाड्याने तो दोनदा लावून पाहिला, त्यांना सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालायला सांगितले आणि मग लीडरला शांतपणे म्हणाला, “यांना आत्ताच खाली न्यायला हवे.” लीडरने नाशिकला, म्हणजे संस्थेच्या कार्यालयाला, फोन लावायचा प्रयत्न केला; तो लागला नाही. मग त्याने काकांनाच विचारले, “काका, इतक्या लांब आलात, थोडं तरी चढून बघता का?” काका हो म्हणाले. कोण नाही म्हणेल? मध्यरात्री आम्ही निघालो. ती वाट म्हणजे सगळा घसारा, एक पाऊल वर टाकावे तर अर्धे खाली यावे. वरच्या लोकांच्या हेडटॉर्चची माळ आकाशात गेल्यासारखी दिसत होती. हान्स मायर गुहेपाशी, साधारण ५,१५० मीटरवर, काकांचा तोल दारू प्यायलेल्या माणसासारखा जाऊ लागला आणि ते माझ्याकडे पाहून मला भलत्याच नावाने हाक मारू लागले. दोन वाटाडे त्यांना दोन्ही बाजूंनी धरून क्षणाचाही विलंब न लावता खाली घेऊन गेले. किबोपासून पुढे एकचाकी स्ट्रेचरवर, चार माणसे चारी टोकांना धरून पळवत असलेल्या, त्यांना होरोंबोपर्यंत नेले, तिथून गाडीने मोशीच्या इस्पितळात. उंची उतरल्यावर दोन दिवसांत ते ठीक झाले. त्यांच्या विम्यात गिर्यारोहण वगळलेले असल्याचे इस्पितळात बिल हातात आल्यावर समजले. विमा संस्थेनेच काढून दिला होता.

मी स्वतः गिलमन्स पॉइंटला पोहोचले. माथ्यावरच्या ज्वालामुखीच्या विवराच्या कडेवरची ही जागा ५,६८५ मीटरवर आहे आणि तिथून उहुरूपर्यंत कडेकडेने आणखी दीड-दोन तासांची चाल असते. सकाळचे सात वाजले होते, मावेन्झीच्या सुळक्यांमागून ऊन वर आले होते, आणि मी तिथल्या लाकडी फळीला टेकून, बाटलीचे गोठलेले झाकण उघडता येत नाही म्हणून रडत बसले होते. वाटाडा शेजारी बसला, त्याने ते झाकण आपल्या काखेत धरून सैल केले आणि म्हणाला, “पोले सना, मामा.” चढताना दिवसभर आम्ही ‘पोले पोले’ ऐकत होतो, म्हणजे हळूहळू. नुसते ‘पोले’ म्हणजे मात्र ‘तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटते’. आणि मामा म्हणजे बाई, आई. नाशिकच्या एका आत्याबाईला आफ्रिकेत मामा म्हटले गेले, याचे मला त्या अवस्थेतही हसू आले. मी विचारले, पुढे जाऊ का? त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि मान हलवली. मी उतरले. तीन दिवसांत कोणीतरी माझ्या प्रकृतीकडे पाहून घेतलेला तो पहिला निर्णय होता.

अठरापैकी पाच जण उहुरूला पोहोचले, सहा जण गिलमन्सवरून परतले आणि सात जण त्याच्या खालूनच. हा आकडा मी मुद्दाम लिहिते, कारण संस्थेने २० तारखेलाच प्रसिद्ध केलेल्या मजकुरात ‘१८पैकी ११ मावळ्यांनी शिखर सर केले’ असे होते आणि त्या अकरांत माझे छायाचित्र आहे. मी शिखर सर केलेले नाही. उद्यानाकडून गिलमन्सचे आणि उहुरूचे प्रमाणपत्र वेगवेगळे मिळते. माझे गिलमन्सचे आहे आणि ते मी अभिमानाने भिंतीवर लावले आहे. ते छायाचित्र काढून टाकावे म्हणून मी तीन वेळा लिहिले, ते अजून तिथेच आहे. महाराजांच्या जयंतीचे निमित्त पुढे केले म्हणून एवढेच म्हणते, की वाट, पाणी आणि माणसांचा दम पाहिल्याशिवाय केवळ तिथी साधण्यासाठी माणसे कड्यावर घालणारा तो राजा नव्हता. तारीख इतकी महत्त्वाची होती तर मुंबईहून एक दिवस आधी निघता आले असते.

तक्रारीला आलेले उत्तर चार ओळींचे होते. पर्वतावर कोणतीही हमी देता येत नाही, हवामान व प्रकृती आमच्या हातात नाही, अटींनुसार परतावा मिळत नाही, आणि पुढच्या एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेकवर मला दहा टक्के सवलत देण्यात येईल. यातले पहिले वाक्य शंभर टक्के खरे आहे आणि माझे त्याच्याशी भांडण नाही. हवामान तर आम्हांला उत्तम मिळाले होते. शिखराची हमी मी मागितलेली नव्हती. सहा दिवस मात्र छापून दिलेले होते. छापलेली गोष्ट न देणे आणि दिशाभूल करणारी जाहिरात करणे याविषयी २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा काय म्हणतो ते आपल्या सल्लागारांनी आपल्याला सांगितले असेलच. राज्य शासनाने २०२१मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्यात नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी आहेत; पण ते राज्याच्या हद्दीतल्या उपक्रमांसाठी आहे. हरिश्चंद्रगडावर मुले नेणाऱ्याला जे विचारले जाते ते किलिमांजारोवर माणसे नेणाऱ्याला विचारणारा कोणी नाही, म्हणून ते आपण आपणहून सांगावे एवढी माझी अपेक्षा आहे. प्रत्येक रात्रीचा मुक्काम आणि त्याची उंची, दिवस मोजताना कोणता दिवस डोंगरावरचा धरला आहे ते, लीडर त्या डोंगरावर पूर्वी गेला आहे की नाही, खाली उतरवण्याचा निर्णय कोणाचा राहील, आणि विम्यात किती मीटरपर्यंतचे चालणे धरले आहे. अर्ध्या पानाचा मजकूर होईल. शंकरपाळ्यांसाठी याहून जास्त जागा दिलेली असते.

आमचाही दोष आहे. मोशीला निघण्याआधी झालेल्या बैठकीत आम्ही अठरा जणांनी मिळून जेवणाविषयी, गरम पाण्याविषयी, झेंडा किती मोठा असेल याविषयी आणि मोबाइलला रेंज मिळेल का याविषयी दीड तास प्रश्न विचारले. मी स्वतः कांदा-लसणाविषयी दोनदा विचारले. उंचीचा आकडा कोणीही काढला नाही. ज्या बाईने आयुष्यभर लोकांच्या जमाखर्चातल्या रकाना चुकवून टाकलेल्या नोंदी शोधल्या, तिने स्वतःच्या तीन लाखांच्या खर्चाचा कागद उताणा ठेवून फक्त मेनू वाचला.

गेल्या आठवड्यात त्याच संस्थेची पुढच्या फेब्रुवारीची जाहिरात माझ्यापर्यंत आली. पुन्हा मारंगू, पुन्हा सहा दिवस, पुन्हा १९ तारखेला माथा. मी नाव न सांगता त्यांच्या कार्यालयात फोन केला. एका मुलीने फार अदबीने उचलला. मी विचारले, “चढताना होरोंबोला किती रात्री आहेत?” ती थोडा वेळ कागद चाळत राहिली. मी पुन्हा सावकाश विचारले, “वर जाताना, होरोंबो हटला, एक रात्र की दोन?”

“मॅडम, ते मला बघून सांगावं लागेल,” ती म्हणाली, “पण जेवण संपूर्ण महाराष्ट्रीय आहे.”

आपली,
नाशिकची एक निवृत्त बँक अधिकारी